कलिंगाचे हत्ती : शिळेतले आणि अरण्यातले

ओडिशाची राजधानी भुवनेश्वर हे मंदिरांचे नगर म्हणून भारतभर प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातून कोणार्क एक्स्प्रेसने तेथे उतरणाऱ्या यात्रेकरूंचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी खंडगिरी-उदयगिरीच्या गुंफा व लिंगराज मंदिर, दुसऱ्या दिवशी धौली, कोणार्क आणि सायंकाळी पुरीचा समुद्र. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हवा सुखद असते, अंतरेही फार नाहीत. दोन-तीन दिवसांत बाविसशे वर्षांचा इतिहास पाहून यात्रेकरू समाधानाने परततो.

या सर्व स्थळांना जोडणारे एक सूत्र मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ते सूत्र म्हणजे हत्ती. धौलीच्या खडकातून हत्ती बाहेर येतो, उदयगिरीच्या एका गुंफेचे नावच हाथीगुंफा आहे, कोणार्कच्या अंगणात पाषाणाचे प्रचंड हत्ती उभे आहेत आणि पुरीत वर्षातून एकदा साक्षात जगन्नाथ हत्तीचा वेष धारण करतात. आणि याच भुवनेश्वराच्या वायव्य सीमेला लागून चंदका नावाचे अरण्य आहे. तेथे आजही जिवंत रानहत्ती आहेत. पाषाणातला हत्ती आणि प्राणातला हत्ती एकाच महानगराच्या दोन कडांना असावेत, असे स्थळ भारतात विरळाच. म्हणूनच या भूमीची यात्रा हत्तीच्या पाऊलखुणांवरून करणे उद्बोधक ठरते.

उत्तम हत्तींचा देश

कलिंग म्हणजे स्थूलमानाने आजचा ओडिशाचा किनारी प्रदेश आणि त्याला लागून असलेला आंध्रचा उत्तर भाग. पूर्व घाटाच्या डोंगररांगा, साल आणि बांबूची घनदाट वने, महानदी-ब्राह्मणी-वैतरणी या नद्यांचे विपुल पाणी, अशी हत्तीला हवी असलेली सारी सामग्री येथे निसर्गानेच जमविली होती. पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. एका ठिकाणी राहून एवढी गरज भागत नाही. म्हणून हत्ती सतत चालतो. कळपाचे नेतृत्व वयोवृद्ध हत्तिणीकडे असते आणि कोणत्या ऋतूत कोणत्या पाणवठ्यावर जायचे, हे ज्ञान तिच्याकडून पुढच्या पिढीकडे जाते. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा. दोन पिल्लांमध्ये चार-पाच वर्षांचे अंतर. त्यामुळे गमावलेला एक हत्ती भरून यायला फार मोठा काळ जावा लागतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशोदेशीच्या हत्तींची प्रतवारी दिली आहे. कलिंग, अंग आणि पूर्वेकडील प्रदेशांतील हत्ती उत्तम. दशार्ण आणि अपरान्त येथील मध्यम. सौराष्ट्र व पंचनद येथील कनिष्ठ. अपरान्त म्हणजे आपले कोकण. दुसरे स्थान मिळाल्याबद्दल कोकणवासीयांनी खंत करू नये. त्या काळी कोकणात दखल घेण्याजोगे हत्ती होते, हीच माहिती आज नवलाची वाटते.

याच ग्रंथात हस्तिवनाच्या कारभाराचे नियम आहेत आणि ते कोणत्याही काटेकोर प्रशासकाला समाधान देतील असे आहेत. वनरक्षकांनी हत्तींची शयनस्थाने, पाऊलखुणा, लीद आणि नदीकाठची पडझड पाहून कळपांचा माग काढावा. कळपात फिरणारा, एकटा हिंडणारा, कळपातून निघालेला, यूथपती, मदमस्त, पिल्लू अशी प्रत्येकाची लेखी नोंद ठेवावी. पिल्लू, आजारी हत्ती, गाभण व दूध पाजणारी हत्तीण यांना पकडू नये. हस्तिवनात हत्तीची हत्या करणाऱ्यास देहान्त शासन, आणि आपोआप मेलेल्या हत्तीचे दात आणून देणाऱ्यास सव्वाचार पण बक्षीस. या नियमांच्या मुळाशी केवळ करुणा नव्हती, हे खरे. हत्ती हे तत्कालीन सैन्याचे मर्मबळ होते आणि राजाला ते टिकवायचे होते. तरीही एक तत्त्व त्या व्यवस्थेने ओळखले होते : हत्ती हवा असेल तर अरण्य राखले पाहिजे, आणि अरण्य राखायचे तर त्याचा हिशेब ठेवला पाहिजे.

रोमन लेखक प्लिनी याने कलिंगच्या राजाजवळ साठ हजार पायदळ, एक हजार घोडेस्वार आणि सातशे हत्ती सज्ज असतात असे नमूद केले आहे. या देशाच्या गजबळाची कीर्ती सातासमुद्रापार पोहोचली होती, एवढे तरी त्यावरून निश्चित होते.

धौली : खडकातून निघालेला हत्ती

भुवनेश्वरच्या दक्षिणेस आठ-दहा किलोमीटरवर, दया नदीच्या काठी धौलीची टेकडी आहे. माथ्यावर १९७२ मध्ये भारतीय व जपानी बौद्धांनी उभारलेला शुभ्र शांतिस्तूप आहे आणि पर्यटकांच्या गाड्या थेट तेथेच जातात. वाटेत, उतारावर, रेलिंगने वेढलेला एक खडक लागतो. बऱ्याच गाड्या तेथे थांबत नाहीत. वास्तविक धौलीचे मोठेपण त्या खडकातच आहे.

इ. स. पू. २६१ च्या सुमारास सम्राट अशोकाने कलिंग जिंकले. एक लक्ष लोक मारले गेले, दीड लक्ष बंदी करून नेले गेले आणि याच्या कितीतरी पट लोक नंतर मृत्यू पावले, असे त्याने स्वतःच आपल्या तेराव्या शिलालेखात कबूल केले आहे. विशेष असे की, हा पश्चात्तापाचा लेख इतरत्र आहे, पण खुद्द कलिंगमध्ये, म्हणजे धौली आणि गंजाम जिल्ह्यातील जौगड येथे, तो कोरलेला नाही. त्याऐवजी येथे दोन स्वतंत्र लेख आहेत. सर्व माणसे आपल्याला लेकरांसारखी आहेत असे राजा त्यात सांगतो, आणि कोणाही माणसाला विनाकारण कैद वा छळ होता कामा नये अशी ताकीद तोसलीच्या अधिकाऱ्यांना देतो. जखमी झालेल्या भूमीला तिच्या जखमांचा आकडा पुन्हा वाचून दाखवू नये, हा विवेक त्यामागे असावा.

या लेखांच्या वर खडकातून हत्तीचा पुढचा अर्धा भाग कोरून काढला आहे. उंची चार फुटांच्या आसपास. भव्यतेने दिपवून टाकणारे असे त्यात काही नाही. दगडातून तो आता पूर्ण बाहेर येईल आणि चालू लागेल, असा भास मात्र होतो. भारतातील अगदी आरंभीच्या पाषाणशिल्पांत त्याची गणना होते. सहाव्या लेखाच्या अखेरीस ‘सेतो’, म्हणजे श्वेत, असा शब्द आहे. मायादेवीच्या स्वप्नातील श्वेत गजाचा, म्हणजेच बुद्धाचा, तो निर्देश मानला जातो. लेफ्टनंट मार्कहम किट्टो याने १८३७ मध्ये हे लेख प्रकाशात आणले.

ज्या भूमीवर हत्ती रणांगणात पुढे घातले जात होते, तेथेच शांतीचा निरोप देण्यासाठी पुन्हा हत्तीचीच निवड झाली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. याच अशोकाने पुढे आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक पवित्र दिवशी हस्तिवनात कोणत्याही प्राण्याची हत्या करू नये आणि निष्कारण वा हिंसेसाठी वन जाळू नये, असे आदेश दिले. प्राण्याला अभय द्यायचे तर त्याच्या निवाऱ्यालाही अभय दिले पाहिजे, हे त्यात स्पष्ट दिसते.

उदयगिरी आणि खंडगिरी

धौलीहून शहर ओलांडून पश्चिमेला आले की रस्त्याच्या दोन बाजूंना दोन टेकड्या दिसतात. उजवीकडे उदयगिरी, डावीकडे खंडगिरी. उदयगिरीचे प्राचीन नाव कुमारी पर्वत. कलिंगसम्राट खारवेल याने येथे श्रमणांच्या निवासासाठी गुंफा खोदविल्या. हाथीगुंफेच्या कपाळपट्टीवर सतरा ओळींचा त्याचा प्राकृत शिलालेख आहे. अरिहंतांना आणि सर्व सिद्धांना नमस्कार करून त्याचा आरंभ होतो, त्यामुळे जैन यात्रेकरू येथे हात जोडूनच उभा राहतो.

ऊन, पाऊस आणि काळ यांनी लेखातील बरीच अक्षरे झिजविली आहेत. ती वाचण्यासाठी विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासमवेत काम केलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी राजाचे खारवेल हे नाव प्रथम निश्चित केले. पुढे काशीप्रसाद जायस्वाल आणि राखालदास बॅनर्जी यांनी पाठ सुधारला. लेखातील मजकूर राज्यवर्षांच्या क्रमाने आहे. दुसऱ्या वर्षी सातकर्णीची पर्वा न करता खारवेलाने घोडे, हत्ती, पायदळ आणि रथ यांचे सैन्य पश्चिमेकडे पाठविले. हा सातकर्णी म्हणजे आपल्या सातवाहन कुळातील राजा. चौथ्या वर्षी रठिक आणि भोजक यांना नमविले. बाराव्या वर्षी मगधावर स्वारी करून आपल्या हत्तींना गंगेचे पाणी पाजले आणि नंद राजाने पूर्वी नेलेली कलिंगजिनाची प्रतिमा परत आणली. खारवेलाच्या वंशाचे नाव महामेघवाहन. महामेघ ज्याचे वाहन तो. इंद्राचा ऐरावत आणि पावसाळी ढग यांची सांगड भारतीय मनाने फार पूर्वीच घातली आहे, तीच या राजनामात उमटली असावी.

जवळच गणेशगुंफा आहे. तिच्या दारी दोन पाषाणगज स्वागताला उभे आहेत. आतल्या शिल्पपट्टीत हत्तीवरून निघालेली मंडळी, मागून येणारे सैनिक आणि पाठलाग रोखण्यासाठी उधळलेली नाणी असा प्रसंग आहे. वत्सराज उदयन आणि वासवदत्ता यांच्या पलायनाशी अनेक अभ्यासक तो जोडतात. वीणेच्या स्वरांनी हत्तींना वश करणारा हा उदयन कृत्रिम हत्तीच्या मोहात पडून पकडला गेला, अशी त्याची कथा आहे. राणीगुंफेच्या वरच्या मजल्यावर आणखी एक विलक्षण प्रसंग कोरला आहे : स्त्री-पुरुषांचा एक समूह आणि रानहत्ती समोरासमोर आले आहेत, आणि माणसे त्यांचा प्रतिकार करीत आहेत. माणूस आणि हत्ती यांच्यातील झटापट ही आजच्या वर्तमानपत्राची बातमी आहे, तशी ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराचाही विषय होती.

समोरच्या खंडगिरीवर बाराभुजी गुंफेत चोवीस तीर्थंकरांच्या प्रतिमा आहेत. दुसरे तीर्थंकर श्री अजितनाथ यांचे लांछन हत्ती. तीर्थंकरांच्या मातेला पडणाऱ्या शुभस्वप्नांची संख्या श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा आहे. त्रिशलामातेच्या स्वप्नांची गणना मात्र दोन्हीकडे हत्तीपासूनच सुरू होते. जन्माभिषेकासाठी बालप्रभूंना मेरूवर नेणारा इंद्रही ऐरावतावर आरूढ असतो. हत्ती हा केवळ बळाचा प्राणी नाही, तो मंगलाचा आणि संयमित सामर्थ्याचा प्राणी आहे, हा संस्कार या गुंफांतून फिरताना दृढ होतो.

गजपती, गंजिफा आणि हाती बेश

कलिंगाचे हत्तीशी असलेले नाते पुढील काळात राजसिंहासनावर जाऊन बसले. पंधराव्या शतकात कपिलेंद्रदेवाने स्थापन केलेले घराणे गजपती म्हणून ओळखले गेले. राज्ये गेली, संस्थाने विलीन झाली, पण पुरीच्या राजांना आजही गजपती महाराज म्हणतात. रथयात्रेच्या दिवशी हेच गजपती सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन जगन्नाथाचे रथ झाडतात. हत्तींचा स्वामी देवाच्या दारी झाडूवाला होतो, ही या प्रथेची शिकवण कोणत्याही प्रवचनाहून कमी नाही.

या गजपतींची कीर्ती पत्त्यांच्या खेळातही शिरली. अबुल फझलच्या आईन-इ-अकबरीत अकबराच्या गंजिफाचे वर्णन आहे. त्यात गजपती नावाचा एक रंग असून, ज्याचे बळ हत्तींत आहे असा राजा, जसा ओडिशाचा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले आहे. ओडिशातील चित्रकार आजही गंजपा नावाचे गोल पत्ते रंगवितात. आपल्या सावंतवाडीची लाखकामाची दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुरीजवळच्या रघुराजपूर गावात हे पत्ते पाहताना दूरची भावंडे भेटल्याचा आनंद होईल. याच गावातील पटचित्रांत गोपींच्या देहांची रचना करून घडविलेला एक हत्ती असतो आणि त्यावर श्रीकृष्ण आरूढ असतो. त्याला कंदर्प-हाती म्हणतात. सारळा दासाच्या ओडिया महाभारतातील नवगुंजर हा नऊ प्राण्यांचे अवयव धारण करणारा अद्भुत जीवही येथलाच. त्याच्या पायांपैकी एक पाय हत्तीचा.

ज्येष्ठ पौर्णिमेला पुरीत देवांचा स्नानोत्सव होतो. एकशे आठ घागरींचे स्नान झाल्यावर जगन्नाथ आणि बलभद्र गजाननाचा वेष धारण करतात. हाच हाती बेश. गणपती भट्ट नावाच्या एका गणेशभक्ताला आपले दैवत येथे न दिसल्याने तो खिन्न होऊन परत निघाला, तेव्हा जगन्नाथांनी त्याला गजमुख रूपात दर्शन दिले, अशी आख्यायिका आहे. ज्याचे जे दैवत, त्या रूपात त्याला भेटावे, हा उदार भाव त्या सोंडेच्या वेषात दडलेला आहे.

तेराव्या शतकातील कोणार्क तर हत्तींचा महोत्सवच आहे. प्रथम नरसिंहदेवाने उभारलेल्या या सूर्यमंदिराच्या उत्तर बाजूस दोन विशाल गज उभे आहेत. पूर्वद्वारी हत्तीला खाली दाबून बसलेले सिंह आहेत. पण खरी दौलत आहे ती मंदिराच्या तळपट्टीत. माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, वाकून पाहावे तेव्हा दिसणारे शेकडो हत्ती तेथे रांगेने चालले आहेत. कोणी झाड मोडतो आहे, पिल्ले मोठ्यांच्या पायांत घुटमळत आहेत, कोठे रानहत्तींना कोंडून पकडण्याचा देखावा आहे. अरण्यात बसून कळप पाहिल्यावाचून एवढे बारकावे टिपता येत नाहीत. देवालयाचा सारा भार जणू या कळपांच्या पाठीवर ठेवला आहे.

चंदका : आटत गेलेली वाट

आता पाषाण मागे ठेवून जिवंत हत्तीकडे वळावयाचे. भुवनेश्वरच्या वायव्येस, तांबड्या जांभ्या मातीच्या टेकड्यांवर चंदका-दंपडा अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटर. १९८२ मध्ये ते प्रामुख्याने हत्तींसाठी घोषित झाले. नंदनकानन प्राणिसंग्रहालय त्याच्याच कडेला आहे. देरास आणि झुमका येथील जलाशयांच्या काठी निरीक्षण मनोरे आहेत. पहाटे साल-बांबूच्या रानातून पाण्यावर उतरणारे धुके पाहिले की राजधानी अवघ्या अर्ध्या तासावर आहे, याचा विसर पडतो.

पण राजधानीला अरण्याचा विसर पडला, ही खरी अडचण आहे. १९४८ मध्ये नव्या भुवनेश्वरची पायाभरणी झाली तेव्हा जर्मन वास्तुविशारद ऑटो कोनिग्सबर्गर यांनी सुमारे चाळीस हजार वस्तीचे नगर डोळ्यांपुढे ठेवले होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या आठ लाखांच्या पुढे गेली. शिक्षणसंस्था, वसाहती, दगडखाणी, महामार्ग, लोहमार्ग अशी एकेक भर पडत गेली. यातील प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी आवश्यकच होती. परंतु सर्वांची बेरीज झाली तेव्हा हत्तीची वाट वजा झाली. चालू शतकाच्या आरंभी चंदकात डझनावारी हत्ती होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके उरले.

हे हत्ती नाहीसे झाले नाहीत, ते विखुरले. काही महानदी ओलांडून आठगडकडे गेले, काही दक्षिणेला गंजामकडे. नव्या प्रदेशात त्यांना जुन्या पाणवठ्यांची खूण नव्हती आणि तेथील शेतकऱ्यांना हत्तीची सवय नव्हती. भाताचे उभे पीक एका रात्रीत तुडविले गेले की वर्षभराचे अन्न जाते. त्या शेतकऱ्याला भूतदयेचे व्याख्यान देणे क्रूरपणाचे ठरेल. तो मशाली घेऊन धावतो, हत्ती बिथरतो, आणि कधी माणूस तर कधी हत्ती प्राणास मुकतो.

डिसेंबर २०१२ मध्ये गंजाम जिल्ह्यात रंभाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसच्या धडकेत लोहमार्ग ओलांडणाऱ्या कळपातील हत्ती ठार झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ढेंकानाल जिल्ह्यातील कमलंगा गावाजवळ खाली लोंबणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या तारेला स्पर्श होऊन एका रात्रीत सात हत्ती मृत्युमुखी पडले. सप्टेंबर २०२१ मध्ये महानदीला पूर असताना मुंडली पुलाजवळ एक हत्ती प्रवाहात अडकला. त्याला वाचविण्यासाठी गेलेली नाव उलटली आणि आपत्ती निवारण दलाचा एक जवान आणि सोबत गेलेला एक पत्रकार यांनी प्राण गमावले. एका मुक्या जिवासाठी पुरात नाव लोटणारी माणसे या भूमीत आजही आहेत, ही त्या दुःखद घटनेतील उजळ बाजू विसरता येणार नाही.

कलिंगाचा हत्ती महाराष्ट्राच्या दारी

ही कथा दूरच्या प्रांताची आहे असे महाराष्ट्रातील वाचकाला वाटू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानहत्तींचा एक कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला. त्याचे मूळ ओडिशातील अरण्यात होते. ज्या दिशेने खारवेलाचे गजदळ सातकर्णीच्या राज्याकडे निघाले होते, त्याच पश्चिम दिशेने हे हत्ती आले, पण जिंकण्यासाठी नव्हे, राहण्याजोगे रान शोधीत. गडचिरोली आणि गोंदियाच्या गावकऱ्यांनी अनेक पिढ्यांत रानहत्ती पाहिला नव्हता. भातशेतीची हानी झाली, घरे पडली, माणसेही दगावली. तिकडे दोडामार्गच्या परिसरात २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींनी असाच प्रश्न उभा केला आहे. कौटिल्याने मध्यम ठरविलेल्या अपरान्तात हत्ती परतला, तेव्हा त्याच्या जागी काजू, केळी आणि सुपारीच्या बागा उभ्या होत्या.

देशात २०१७ च्या गणनेत सत्तावीस हजारांहून अधिक रानहत्ती आढळले. त्यांपैकी जवळजवळ दोन हजार ओडिशातील होते. १९९२ पासून केंद्र शासनाची हत्ती प्रकल्प योजना चालू आहे, २०१० मध्ये हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी घोषित करण्यात आले, आणि २०२३ मध्ये देशभरातील एकशे पन्नास हत्तीमार्गांची अधिकृत नोंद झाली. हत्तीमार्ग म्हणजे दोन अरण्यांना जोडणारी वनपट्टी. ती कित्येक ठिकाणी अगदी अरुंद असते, पण ती तुटली की दोन्हीकडची अरण्ये बेटे होतात. नोंद झाली ही जमेची बाजू. ती वाट प्रत्यक्षात मोकळी राहते की नाही, यावर पुढचा ताळेबंद अवलंबून आहे.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. विजेच्या तारा ठरलेल्या उंचीवर ताणलेल्या ठेवणे, हत्तींच्या वाटेवर रात्री गाड्यांचा वेग कमी करणे, हत्तीमार्गावर नवी बांधकामे होऊ न देणे, आणि पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती भरपाई त्याच हंगामात पोहोचविणे. यांतील शेवटचा उपाय सर्वांत महत्त्वाचा. पोट भरलेल्या गावालाच हत्तीवर दया करणे परवडते. यात्रेकरूंच्या हातीही थोडे आहे. हस्तिदंताच्या वस्तू विकत न घेणे, अभयारण्यात प्लास्टिक व अन्न न टाकणे, रानहत्तीच्या जवळ जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह आवरणे, आणि धौली-कोणार्कच्या कार्यक्रमात चंदकासाठी अर्धा दिवस राखून ठेवणे. ज्या अरण्याला पाहुणे असतात, त्या अरण्याची कोणीतरी विचारपूस करते.

ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा बहुतेक जैन घरांत सांगितली जाते. वणव्याच्या भयाने मेरुप्रभ हत्तीने अरण्यात एक विस्तीर्ण वर्तुळ मोकळे करून ठेवले होते. वणवा पेटला तेव्हा सारे प्राणी त्या वर्तुळात दाटीवाटीने आश्रयाला आले. अंग खाजविण्यासाठी हत्तीने एक पाय उचलला, तेवढ्यात त्या मोकळ्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली टेकला तर सशाचा जीव जाईल, म्हणून हत्ती अडीच दिवस तीन पायांवर उभा राहिला. वणवा शमला, ससा निघून गेला. आखडलेला पाय टेकवताना हत्ती कोसळला आणि त्या अनुकंपेच्या पुण्याने राजा श्रेणिकाच्या घरी मेघकुमार म्हणून जन्मला.

त्या हत्तीने सशाला दिलेली जागा एका पावलाएवढी होती. आज हत्ती माणसाकडे जे मागतो आहे, तेही त्याहून फार वेगळे नाही : एका अरण्यातून दुसऱ्या अरण्यात जाण्यापुरती वाट. उदयगिरीच्या माथ्यावर उभे राहिले की एका बाजूला दूरवर धौलीचा शुभ्र स्तूप दिसतो आणि दुसऱ्या बाजूला, इमारतींच्या पलीकडे, चंदकाची हिरवी रेघ. मधली जागा माणसांनी भरलेली आहे.